माशी न बसलेली मांदेली

सोनईच्या आठवडे बाजारात भाजीची ओळ संपली की कांदा-लसूण लागतो, मग मसाल्याची दुकानं, मग थोडी मोकळी जागा आणि त्या जागेच्या पलीकडे सुक्या मासळीची ओळ. ही मोकळी जागा कोणी चुना टाकून आखून दिलेली नाही. वासाने आखलेली आहे. मासळीच्या ओळीत चार बायका बसतात. त्यांना लागूनच जनावरांची दावी, कासरे, म्होरक्या आणि बैलांची घुंगरं विकणारा बजरंग बसतो, कारण त्याला बाजारात दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही.

बजरंगच्या शेजारची पहिली पथारी मरियाची. वय साठीला टेकलेलं, अंगाने किरकोळ, कपाळ मोकळं, बोलणं बेताचं. नवरा सॅम्युएल साखर कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नोहा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, रविवारच्या उपासनेपुरता घरी येणारा. घरी मरिया आणि शिलाई मशीन चालवणारी सून आराधना. घर सोनईजवळच्या वाडीवर, चर्चच्या मागच्या आळीत.

पण बाजारात मरियाची ओळख घरावरून किंवा नवऱ्यावरून नव्हती. ती होती नाकावरून. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिच्यापुढे मांदेलीच्या तीन मुठी ठेवल्या होत्या. एक नवी, एक गेल्या सालची, एक पावसात भिजून पुन्हा वाळवलेली. डोळे मिटायला लावून विचारलं. मरियाने तिन्ही ओळखल्या. सासू म्हणाली, "पोरीचं नाक घरकामात वाया घालवायला नको," आणि पुढच्या बाजाराला स्वतःच्या शेजारी तिला बसवलं. तेव्हापासून ओळीतल्या बाकीच्या बायकाही नवं पोतं घेण्याआधी मूठभर माल मरियाकडे आणत. मरियाने मान हलवली की पोतं उतरायचं. नाक मुरडलं की टेम्पोवाला काही न बोलता ते पुन्हा वर चढवायचा.

गंमत अशी की जन्मभर मांदेली विकून मरियाने समुद्र पाहिलेला नव्हता. मांदेली म्हणजे बोटाएवढा, शेपटीकडे सुरीच्या टोकासारखा निमुळता होत गेलेला मासा. खाडीच्या तोंडाशी थव्याने फिरतो, एकटा सापडत नाही, जाळ्यात आला तर हजारोंनी येतो, असं सासूने तिला सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. सुकला की त्याच्यावर सोनेरी झाक येते. एकदा नगरला बर्फात ठेवलेली ओली मांदेली तिने पाहिली तर तिला ती ओळखूच आली नाही. "ही पांढरीफटक कोण?" असं तिने कोळणीला विचारलं होतं.

हे नाक करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी गेलं. ताप आला, उतरला. अशक्तपणा आला, तोही गेला. चव हळूहळू परत आली, निदान तिखट-मीठ कळू लागलं. वास आला नाही. ती वाट बघत राहिली. लसूण चेचून हुंगायची, रॉकेलच्या बाटलीचं बूच काढून नाकाशी धरायची. काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, येईल तेव्हा येईल.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. नोहा आधीपासूनच म्हणत होता, आई, आता बाजार बंद कर, काय कमी आहे आपल्याला. त्याला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी तराजू माळ्यावर टाकला असता. आणि बाजार बंद झाल्यावर मरियाने करायचं काय, हे नोहाला ठाऊक नव्हतं आणि मरियालाही. म्हणून तिने नाकाचं काम हाताला आणि डोळ्याला वाटून दिलं. सुकी मांदेली शेपटीकडे मोडली तर कडकन मोडते, दमट असेल तर वाकते. बुरशी आली तर पोटाकडे पांढरी भुकटी दिसते. जुन्या मालाची सोनेरी झाक तांबूस होते. एवढ्यावर तिचं निभावलं. फक्त एक गोष्ट तिने सोडली नाही. गिऱ्हाईक समोर असलं की ती पहिल्यासारखीच मूठभर मांदेली नाकाशी न्यायची, क्षणभर थांबायची आणि मान हलवायची. गिऱ्हाईक त्या मान हलवण्यावर माल घ्यायचं.

असं तीन वर्षं चाललं. मग या वर्षीचा आखाड आला.

आखाडात मासळीच्या ओळीला दम घ्यायला फुरसत नसते. श्रावण लागला की घरोघरी चुलीवरून मासळी उतरते, म्हणून त्याआधी जो तो हौस भागवून घेतो. नेमक्या याच दिवसांत समुद्रातली मासेमारी बंद असते. नवा माल येत नाही. उन्हाळ्यातला साठवलेला माल पावसाळी हवेने दमट होतो, त्याला कीड लागते. मरियाची पोती संपली. बाकी तिघींकडे थोडाथोडा माल शिल्लक होता. तिचा नेहमीचा नगरचा व्यापारी आजारी पडून गावी गेलेला. अशा वेळी वैजनाथ नावाचा एक नवाच माणूस टेम्पो घेऊन वाडीवर आला.

"बघा मावशी, एक किडा दिसला तर फुकट ठेवा," असं म्हणून त्याने पोत्याचं तोंड सोडलं.

मरियाने हात घातला. माल कडक होता, झाक चांगली होती, भुकटी नव्हती. ऐन पावसाळ्यात असा माल म्हणजे नवलच. सवयीने तिने मूठ नाकाशी नेली आणि मान हलवली. वैजनाथने तिच्या तोंडाकडे जरा निरखून पाहिलं, मग पटकन पोतं उतरवून टाकलं.

बाजाराच्या दिवशी बजरंगने सकाळीच सुरुवात केली.

"मरियाबाय, आज माश्यांनी तुमाला सोडचिठ्ठी दिली का काय? एकबी दिसंना."

मरियाने पाहिलं. खरंच. शेजारणीच्या बोंबलावर माश्या घोंगावत होत्या, ती फडक्याने सारखी हाकलत होती. मरियाचं फडकं मांडीवर तसंच पडलेलं.

"माल सोच्छ आसला की माशी येत न्हाई," ती म्हणाली.

"माझ्या दाव्यांस्नी बी सांगा मग. तुमच्या शेजारी बसून बसून आसा वास लागलाय त्यांना, की मागच्या बाजारात एकाचा बैल म्हणं दावं चघळत बसला हुता."

"बैल न्हाई, त्यो मालकच आसंल. आखाड हाय."

ओळीत हशा पिकला. मरियाही हसली. बऱ्याच दिवसांनी तिला बाजारात बरं वाटत होतं. गिऱ्हाइकं थांबत होती, माल हातात घेऊन बघत होती. एक बाई म्हणाली, "ह्या बारीला वास कमी हाय, न्हाई?" मरियाने तेही कौतुकच समजून घेतलं.

दुपारकडे गोजरबाई आली. उसाच्या पट्ट्यातल्या वस्तीवरची, जुनं गिऱ्हाईक. तिची लेक निकिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती.

"मुलगी झाली," गोजरबाई म्हणाली. "पण दूध बेताचंच हाय. आमची म्हातारी म्हणती, मांदेलीचं पातळ कालवण दे, दूध उतरतं. चांगली द्या बाई. बाळंतिणीला हाय, तवा बघून द्या."

मरियाने मूठ भरली. गोजरबाई बघत होती. मरियाने मूठ नाकाशी नेली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ धरली, आणि मान हलवली.

"न्या निर्धास्त," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. उरलेल्या मालाला ऊन द्यावं म्हणून मरियाने पडवीवरच्या पत्र्यावर तो पसरला आणि सवयीने शेजारी काठी घेऊन बसली. ही काठी मांजरासाठी. आळीतली एक मांजरी तिच्या वाळवणाच्या वेळा पाळूनच असते. ती आलीही. पत्र्याच्या कडेला उभी राहिली, मान पुढे केली, हुंगलं आणि मागे सरली. मग शेपटी झटकून शेजाऱ्यांच्या छपरावरून निघून गेली.

मरियाच्या हातातली काठी तशीच राहिली. तिने पत्र्याकडे नीट पाहिलं. ऊन तापू लागलं होतं, तरी माशी नाही. पत्र्याच्या पन्हाळीतून मुंग्यांची रांग नेहमी जाते. ती रांग आज मांदेलीला वळसा घालून पलीकडून चालली होती. रात्रभर पोतं ओसरीत उघडं होतं, त्यालाही मुंगी लागली नव्हती.

काल ज्याचं कौतुक झालं होतं तेच आज डोळ्यांपुढे उभं राहिलं. नगरच्या व्यापाऱ्याच्या हमालाने मागे एकदा सांगितलेलं तिला आठवलं. पावसाळ्यात कीड लागू नये म्हणून काही लोक मालावर शेतातलं औषध मारतात. तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या नाकाम्होरून जाऊन दावा म्हणावं."

तिने परातीत पाणी घेतलं, त्यात मूठभर मांदेली टाकली. पाण्यावर तेलकट तवंग आला. पण तेल माशाचंही असतं. खात्री करायला एकच उपाय होता आणि तो तिच्याजवळ नव्हता.

"आराधना," तिने हाक मारली. "जरा हिकडं ये. ह्याचा वास घे."

आराधना मशीनवरून उठून आली. तिला मासळीचा वास सोसत नसे आणि मरियाने कधी तिला मालाजवळ बोलावलं नव्हतं. तिने बोटांनी नाक धरू पाहिलं, मग सासूचा चेहरा पाहून हात खाली घेतला आणि वाकली.

"माशाचा तर आहेच," ती म्हणाली. "पण त्याच्याखाली दुसरा आहे. आमच्याकडे कपाशीवर फवारतात ना, तसा. डोकं दुखतं त्याने." ती सरळ झाली. "आई, तुम्हाला नाही आला?"

मरियाने परात बाजूला सारली.

"मागच्या महिन्यात दूध करपलं," आराधना हळूच म्हणाली, "सगळ्या घरात करपट वास भरला होता आणि तुम्ही गॅसपुढेच भाजी निवडत बसला होतात. मला वाटलं, तुमचं लक्ष नव्हतं."

"स्कूटी काढ," मरिया म्हणाली. "गोजरबाईच्या वस्तीवर जायचंय. बाळंतिणीला नेलीया तिनं."

निघण्यापूर्वी मरियाने पत्र्यावरची मांदेली गोळा करून पोत्यात भरली, पोत्याचं तोंड करकचून बांधलं आणि थोडा माल झाकणाच्या डब्यात घेतला. गोजरबाईचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. बाजारात चेहरे असतात, नंबर नसतात. वैजनाथचा मात्र होता. आराधनाने तो लावून दिला. वैजनाथ आधी म्हणाला कोण मावशी, मग म्हणाला, पावसाळ्यात सगळेच मारतात, धुऊन शिजवायची असते, लोकांना धुवायला काय होतं. मग फोन बंद झाला आणि पुन्हा लागला नाही.

वस्तीकडची पाणंद चिखलाने भरलेली. स्कूटी दोनदा घसरली. आराधना पुढे बघतच म्हणाली, "आई, माल खराब निघाला एवढंच सांगा. नाकाचं कशाला सांगायचं? त्याने त्यांचं काही भलं होणार नाही, आणि तुमचं उगीच..." मरियाने डबा पोटाशी धरला होता. हे तिच्याही मनात आलं होतं. पोतं खराब निघालं, टेम्पोवाला लबाड निघाला. यात खोटं काहीच नव्हतं.

गोजरबाई ओसरीत लसूण सोलत बसली होती. मरियाला पाहून तिचं तोंड फुललं.

"या मरियाबाई. पोर बघाया आला व्हय? बसा. चहा टाकते."

"कालची मांदेली रांधली का?" मरियाने उभ्यानेच विचारलं.

"रांधली की. सकाळीच. माझा उपास हाय आन् ह्यांना मासळी चालत न्हाई, म्हणून तिच्यापुरतीच. कडू लागतीया म्हणत हुती. म्हणलं बाळंतिणीच्या तोंडाला चव नसतीया, गप गिळ."

"कुठं हाय ती?"

"आत पडलीया. दोन डाव वकारी झाली. पित्त खवळलंय."

"पित्त न्हाई ते," मरिया म्हणाली. "मांदेलीला औषध मारलेलं हाय. फवारायचं. लगेच दवाखान्यात न्या. आन् पोरीला अंगावर पाजू नका."

गोजरबाईच्या मांडीवरचा लसूण खाली सांडला. ती उठली, दाराकडे गेली आणि तिथूनच वळली.

"तुमी माझ्याम्होरं नाकाला लावली. मी बघत हुते."

"लावली."

"मग?"

आराधनाने मरियाच्या दंडाला हलकेच स्पर्श केला. मरियाने डबा जमिनीवर ठेवला.

"मला वास येत न्हाई, गोजरबाय. साथीच्या तापापासनं. काहीच येत न्हाई."

"मग नाकाला लावली कशापायी?"

याचं उत्तर मरियाने कधी स्वतःलाही दिलेलं नव्हतं.

"तुमी बघत हुता म्हणून," ती म्हणाली.

गोजरबाई शिव्या देईल, अंगावर येईल असं वाटलं होतं. ती नुसती वळली. आत गेली. आतून तिचा आवाज आला, "निकिता, ऊठ माय."

गोजरबाईचा नवरा आप्पासाहेब गोठ्यातून आला. थोडक्यात समजलं तसं त्याने पिकअप काढली. निकिताला गोधडीत गुंडाळून पुढे बसवलं. तिला दरदरून घाम फुटला होता, तोंडातून लाळ गळत होती. बाळ गोजरबाईच्या हातात होतं. मरिया मागच्या फळीला धरून उभी राहिली.

"ही कशाला?" आप्पासाहेब म्हणाला. त्याने मरियाकडे पाहिलं नाही.

"येऊ द्या," गोजरबाई म्हणाली. "डॉक्टरला तिनंच सांगायचं. मला काय सांगता येतंय?"

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी निकिताच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. बाहुल्या आकसून टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. काय खाल्लं, कधी खाल्लं, किती वेळा उलटी झाली असं त्या विचारत गेल्या आणि गोजरबाई पित्ताचं सांगू लागली, तशी मरिया पुढे झाली. तिने डबा दिला. टेम्पो, पोतं, माशी, मुंगी, मांजर, सुनेने घेतलेला वास, सगळं क्रमाने सांगितलं. स्वतःच्या नाकाचंही सांगितलं. डॉक्टरबाईंनी डबा उघडला, झटकन मिटला आणि नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं.

बाळाला तपासलं. ते झोपेतच होतं, ठीक होतं. आई बरी होईपर्यंत वरचं दूध द्यायचं, असं सांगून डॉक्टरबाई आत गेल्या. गोजरबाई नातीकडे बघत बाकावर बसली.

"दूध यावं म्हणून आणली हुती," ती कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाली, "आन् आता हाय तेबी पाजायचं न्हाई."

मरिया त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. दोघींच्या मधे आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा होती. कॉरिडॉरमध्ये फिनेलने पुसलेलं होतं, हे तिला ओल्या फरशीवरून कळत होतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. निकिता शुद्धीवर आहे, प्रमाण थोडं होतं आणि वेळेत आणली म्हणून निभावलं. रात्रभर इथेच ठेवावी लागेल. गोजरबाईने डोळे मिटून हात जोडले. मरियाही डोळे मिटून काही पुटपुटली. दोघींनी डोळे उघडेपर्यंत डॉक्टरबाई थांबल्या, मग त्यांनी मरियाला विचारलं, "मावशी, हा माल आणखी किती जणांनी नेला?"

मरिया बोटांवर मोजू लागली आणि थांबली. अर्धं पोतं संपलं होतं. जुनी गिऱ्हाइकं चेहऱ्याने ठाऊक, गावाने ठाऊक. नवी तर तेवढीही ठाऊक नाहीत. आखाड होता. कोणी आज शिजवेल, कोणी रविवारी.

"पोलिसांना मी कळवते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अन्न तपासणीवाल्यांनाही. पण त्यांना वेळ लागेल. लोकांना आज कळायला हवं."

स्कूटीवरून मागोमाग आलेल्या आराधनाने तोवर फोनवर चार ठिकाणी संदेश पाठवले होते, चर्चच्या ग्रुपवर, बचत गटाच्या. पण बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या कुठल्या ग्रुपवर असणार? तेवढ्यात दवाखान्यापुढे कचऱ्याची घंटागाडी थांबली. तिच्या टपावर भोंगा होता, स्वच्छतेचं गाणं वाजत होतं. चालक ओंकार चर्चच्या आळीतलाच, आराधनाच्या ओळखीचा. तिने त्याला गाठलं. त्याने ग्रामपंचायतीत फोन केला, तिकडून होकार आला.

"माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड करू," ओंकार म्हणाला. "मग तेच गाण्याच्या जागी फिरत राहील. मी बोलतो, थांबा." त्याने घसा साफ केला. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, कालच्या बाजारात एका विक्रेत्याकडून..."

"एका न्हाई," मरिया म्हणाली. "नाव घे."

"नाव कशाला मावशी? कोर्टकचेरी होते उद्या. आणि बाजारात बसायचंय ना तुम्हाला?"

"मांदेली इकनाऱ्या आमी चौघी हाव. नाव न्हाई घेतलं तर लोक चौघींचीबी फेकतील, त्यांच्या पोटावर पाय. न्हाईतर म्हणतील, आपन तर मरियाकडनं आणली, ती नाकानं बघून देती, आपली चांगलीच आसणार. आन् खातील."

ओंकारने आराधनाकडे पाहिलं. तिने सासूच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला.

"तू नको बोलू," मरिया ओंकारला म्हणाली. "माझा आवाज वळखत्यात लोक."

तिने मोबाइल तोंडाशी धरला. ती म्हणाली, "मी मरिया बोलती. सोनईच्या बाजारात बजरंगशेजारी बसती ती. काल माझ्याकडनं ज्यांनी मांदेली नेली त्यांनी ती शिजवू नका. जनावरालाबी घालू नका. त्याला फवारायचं औषध हाय. ज्यांनी खाल्ली आसंल त्यांनी दवाखान्यात या. मी नाकाला लावून दिली हुती, पण मला वास येत न्हाई. बाकी तिघींचा माल चांगला हाय."

ओंकारने ते परत ऐकवलं. "शेवटचं कापू का?" त्याने विचारलं. "वासाचं."

"ऱ्हाऊ दे."

घंटागाडी निघाली. मरिया चालकाशेजारी बसली, मांडीवर रिकामी गोणी घेऊन. गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू व्हायची, आवाज फिरायचा, दारं उघडायची. काही बायका ओट्यावर येऊन नुसत्या बघायच्या. एकीने कागदाचा पुडा आणून गोणीत टाकला आणि आत गेली. एका घरातून कोणीतरी म्हणालं, "तरी मी म्हणत हुते." दुसरी पुडा देताना म्हणाली, "माझ्या लेकाचा डबा आत्ताच भरनार हुते, मरियाबाय." एक म्हातारा काठी आपटत पुढे आला. "तीस वर्सं तुझ्या मान हलवन्यावर माझी बायकू मासळी घेती," तो म्हणाला. तो तसाच उभा राहिला आणि गाडी पुढे गेली. मरियाने सगळं ऐकून घेतलं. गोणी निम्मी भरली.

पेठेच्या मागच्या गल्लीत एका तरुण बाईने गाडी हात करून थांबवली. सासूने काल रात्रीच खाल्ली, ती म्हणाली. सकाळपासून पोटात कळा येताहेत, डोळ्यांपुढे धूसर दिसतंय म्हणते. म्हातारपणाचं म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. नवरा कामावर गेलाय, गाडी नाही.

"आणा त्यांना," मरिया म्हणाली आणि खाली उतरली.

"ह्या गाडीत?" ओंकार म्हणाला.

"मग कशात?"

म्हातारीला दोघींनी धरून आणलं. मरियाने आपल्या जागेवर तिला बसवलं, पाठीशी तिच्याच पदराची घडी करून दिली. डॉक्टरबाईंना काय सांगायचं ते तिच्या सुनेला दोनदा सांगितलं. भोंगा बंद करायचं ओंकारला घाईत सुचलं नाही. गाडी दवाखान्याच्या दिशेने वळली आणि मरियाचा आवाज मरियाचं नाव सांगत, वास येत नाही म्हणत, वळणापलीकडे गेला.

गल्ली अजून निम्मी राहिली होती. मरियाने गोणी खांद्यावर घेतली आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.